मडगावहून मुन्नारला: चहाच्या डोंगरात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

गोव्यातल्या माणसाला पर्यटकांचे दोष सांगायला नकोत. डिसेंबरात तुंबलेला कळंगुटचा रस्ता, भाताच्या शेतात उतरून फोटो काढणारे, किनाऱ्यावर फुटलेल्या बाटल्या, हे आपण वर्षानुवर्षं बघत आलोय. मुन्नारला गेलं की ते पर्यटक आपण असतो. बहुतेक जण तिथे धबधबा, बोटिंग, ‘एको पॉइंट’ आणि चॉकलेटचं दुकान असं करून परत येतात. चहा तेवढा गाडीच्या काचेतूनच दिसतो. ज्यांना केरळच्या इडुक्की जिल्ह्यातलं हे गाव पहिल्यांदा बघायचंय आणि चहाचं काम प्रत्यक्ष कसं चालतं हेही बघायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

थोडी पार्श्वभूमी. मुन्नार समुद्रसपाटीपासून साधारण १,५०० मीटरवर आहे, म्हणजे गोव्यातल्या कुठल्याही डोंगराच्या माथ्यापेक्षा उंच. मुतिरापुळा, नल्लतण्णी आणि कुंडळा या तीन नद्या इथे एकत्र येतात. १८७७ मध्ये जॉन डॅनियल मन्रो या इंग्रजाने पूंजारच्या राजघराण्याकडून हे डोंगर भाडेपट्ट्याने घेतले. सुरुवातीला सिंकोना, कॉफी, वेलची असं बरंच काही लावून पाहिलं गेलं. १८८० मध्ये ए. एच. शार्प याने थोड्या जागेत चहा लावला आणि हळूहळू बाकी सगळं मागे पडलं. आज गावाच्या आसपासचे बहुतेक मळे कानन देवन हिल्स प्लांटेशन्स या कंपनीकडे आहेत. ती २००५ मध्ये टाटा टीकडून वेगळी झाली आणि तिचे भागधारक बहुतांशी तिचेच कामगार-कर्मचारी आहेत. म्हणजे हिरवा गालिचा म्हणून आपण ज्याचे फोटो काढतो ती चालू कामाची जागा आहे. तिला सुट्टीचे वार असतात आणि कामाच्या वेळा असतात. सहलीची आखणी त्या बघून करायची.

आधी वार ठरवा, मग महिना

लोक उलटं करतात. मळ्यात रविवारी खुडणी बंद असते. गावाजवळ नल्लतण्णी मळ्यातलं चहाचं संग्रहालय सोमवारी बंद असतं. शनिवारी पोचून सोमवारी निघणाऱ्याला हिरवे डोंगर आणि गर्दी यापलीकडे काही मिळत नाही. मंगळवार ते शनिवार या दिवसांतले दोन तरी पूर्ण दिवस हाताशी ठेवा. शनिवार-रविवारी कोची, कोइंबतूर, मदुराई अशा सगळ्या बाजूंनी गाड्या चढतात, तीही कटकट वाचते.

आता महिना. जून ते ऑगस्ट डोंगरावर कोसळता पाऊस असतो. आपल्याला पावसाचं कौतुक आहे, पण तिथला पाऊस दरडी घेऊन येतो. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री राजमलाजवळच्या पेट्टिमुडीला डोंगर खचून मळेकामगारांच्या चाळी गाडल्या गेल्या. सत्तर माणसं गेली. त्यामुळे पावसाचा इशारा असेल तर घाट बंद होतो, रात्रीची वाहतूक थांबवली जाते, आणि प्रशासनाचं ऐकण्यातच शहाणपण असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस दुपारनंतर गाठतो, पण सकाळी स्वच्छ मिळतात.

चतुर्थीची धावपळ आटोपली की सप्टेंबरचा उत्तरार्ध चांगला. गर्दी कमी, डोंगर धुतलेले. थंडी हवी असेल तर डिसेंबर-जानेवारी. काही पहाटे पारा शून्याजवळ येतो, लॉकहार्टसारख्या उघड्या मळ्यांत दवाचा बर्फ होतो आणि चहाची पानं करपतात. आपल्याला मौज वाटते, मळेवाल्यांचं नुकसान होतं. नाताळ ते नवीन वर्ष मात्र टाळाच. त्या आठवड्यात गोव्यात जे होतं तेच तिथे अरुंद रस्त्यावर होतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. एरविकुलम राष्ट्रीय उद्यान त्या सुमारास ताहरांच्या, म्हणजे तिथल्या डोंगरी रानबकऱ्यांच्या, विणीसाठी बंद ठेवतात. ताहर बघायलाच जायचं असेल तर तारखा तपासल्याशिवाय तिकिटं काढू नका. आणि कुणी नीलकुरिंजी दाखवतो म्हणाला तर हसून सोडून द्या. हे झुडूप बारा वर्षांनी एकदा एकगठ्ठा फुलतं. मोठा बहर २०१८ मध्ये होऊन गेला, पुढचा २०३० मध्ये. आपल्या घाटातली कारवी तिचीच बहीण, तिचाही बहर काही वर्षांनीच येतो.

मडगाव ते आलुवा

रेल्वेनेच जा. नेत्रावती आणि मंगला लक्षद्वीप या दोन्ही रोजच्या गाड्या मडगावला थांबतात आणि आलुवालाही. एर्नाकुलमपर्यंत जायची गरज नाही. मुन्नारचा रस्ता आलुवाहून सोयीचा आहे आणि शहरातली कोंडीही टळते. प्रवास साधारण चौदा-पंधरा तासांचा. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, सुट्टीच्या दिवसांत ते पहिल्याच दिवशी करा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं आणि गाड्या हळू चालतात. जून ते ऑक्टोबरमधल्या प्रवासाला मागच्या वर्षीच्या वेळा गृहीत धरू नका.

दोन गाड्यांतली निवड वेळेवरून करा. आलुवाला सकाळी पोचवणारी गाडी घेतली तर घाट दिवसाउजेडी चढता येतो. दुपारी पोचवणारी घेतली तर वर जाईपर्यंत काळोख पडतो. मोपा किंवा दाबोळीहून कोचीचं थेट विमान सोयीचं मिळालं तर उत्तमच, नेडुंबाश्शेरीचा विमानतळ आलुवाच्या बाजूलाच आहे. स्वतःची गाडी घेऊन साडेआठशे-नऊशे किलोमीटर जाणारेही आपल्यात आहेत. त्यांना मी अडवत नाही, पण मुलं बरोबर असतील तर दोन दिवस जायला आणि दोन यायला, मग राहिलं काय?

आलुवाहून मुन्नार साधारण ११० किलोमीटर, वेळ चार तासांच्या पुढे. केरळ एसटीच्या बस आहेत, टॅक्सीही आहेत. टॅक्सीभाडं आधी पक्कं करावं हे गोवेकराला मी काय सांगणार. सुरुवातीचा रस्ता सपाट. नेरियामंगलमला १९३५ चा कमानींचा पूल ओलांडून पेरियार नदी पार केली की जंगल आणि वळणं सुरू. वाळरा आणि चीयप्पारा हे धबधबे रस्त्यालगतच लागतात, दहा मिनिटं थांबायला हरकत नाही. अडिमालीत जेवून घ्या. गाडी लागणाऱ्यांनी जेवायचं ते वर पोचल्यावर. घरून आमसुलं नेली असतील तर ती आता बाहेर काढा. शेवटच्या टप्प्यात पळ्ळिवासल येतं. केरळचा पहिला जलविद्युत प्रकल्प इथला, १९४० चा. तिथून पुढे वळणाआड चहा दिसायला लागतो.

खोली घेताना नकाशा उघडा

नवख्या माणसाची सर्वात जास्त फसगत इथे होते. ‘मुन्नार’ नावावर विकल्या जाणाऱ्या खोल्यांपैकी पुष्कळशा आनच्चाल, चित्तिरपुरम, पोतमेडु, चिन्नकनाल अशा ठिकाणी असतात. काही गावापासून वीस किलोमीटरवर, आणि घाटातले वीस किलोमीटर म्हणजे गर्दीच्या दिवशी तासभर सहज. शिवाय आनच्चालची बाजू सखल आहे. तिथे थंडी कमी, आणि आसपास चहापेक्षा वेलची अधिक. फोटोतला चहाचा मळा खोलीच्या खिडकीतून दिसतो की हॉटेलच्या गच्चीवरून दुर्बिणीने, हेही विचारा.

स्वतःची गाडी नसेल तर गावातच किंवा जुन्या मुन्नारच्या बाजूला राहा. एसटीचा डेपो त्याच बाजूला आहे, मुख्य बाजार तिथून थोडा पुढे. गाव दिसायला काही सुंदर नाही, अगदी खरं सांगायचं तर गजबजलेली बाजारपेठ आहे. पण सकाळी सहाला उठून चहाच्या टपरीवर जाता येतं, बस मिळते, रिक्षा मिळते. गाडी असेल आणि शांतता हवी असेल तर मळ्याच्या कडेला राहा, फक्त अंधार पडायच्या आत परत या. चिन्नकनालच्या परिसरात हत्तींचा वावर नेहमीचा. अरिकोंबन नावाचा हत्ती घरं-दुकानं फोडून तांदूळ खायचा, त्याला एप्रिल २०२३ मध्ये बेशुद्ध करून दुसरीकडे हलवावं लागलं. ‘पडयप्पा’ हा दुसरा टस्कर तर मुन्नारच्या रस्त्यांवरून फिरताना कित्येकांनी पाहिलाय. हत्ती दिसला तर गाडी मागे घ्या, हॉर्न नको, दिवे भगभगवू नका, आणि फोटोसाठी खाली उतरणाऱ्या मेव्हण्याला आत ओढा.

चहाचा दिवस

पहिली अर्धी संध्याकाळ काही करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर माट्टुपेट्टीच्या किंवा देविकुलमच्या रस्त्याला लागा आणि मळ्याच्या कडेने चाला. मळ्यात उतरू नका, सार्वजनिक रस्ता पुरेसा आहे.

चहाची झाडं सोडून दिली तर उंच वाढतात. छाटून-छाटून ती कमरेएवढी आणि वरून सपाट ठेवलेली असतात. मधे उभी दिसणारी करड्या खोडाची झाडं सिल्वर ओक, सावलीसाठी लावलेली. खुडणाऱ्या बायका ओळीने वर सरकत असतात. पायात गमबूट, कमरेला गुंडाळलेलं जाड प्लास्टिक किंवा पोतं, डोक्याला फडकं, पाठीला पिशवी. चित्रातल्यासारखं दोन बोटांनी पान खुडणं आता फारसं दिसत नाही. बहुतेकींच्या हातात मोठी कात्री असते आणि कात्रीच्या एका पात्याला डबा जोडलेला. कच्‌कच्‌ चार वेळा कात्री चालते, डबा भरतो, मनगटाच्या एका झटक्यात पाला खांद्यावरून मागच्या पिशवीत. हात थांबत नाही. एका झाडाकडे पुन्हा यायला आठवडा-पंधरवडा लागतो, तेवढ्यात नवी पालवी आलेली असते. पिशव्या भरल्या की रस्त्याच्या कडेच्या शेडवर वजन होतं. ते चाललेलं असेल तर पाच मिनिटं बाजूला उभे राहून बघा. ठरलेल्या वजनावर भरेल त्या किलोचे वेगळे पैसे मिळतात, म्हणून सगळ्यांचे डोळे काट्यावर.

या बायका बहुतेक तमिळ बोलणाऱ्या, कैक पिढ्यांपूर्वी डोंगरापलीकडून आलेल्या कुटुंबांतल्या. ‘लयम’ म्हणतात त्या चाळींत राहतात. सप्टेंबर २०१५ मध्ये यांनीच मोठ्या संघटनांना बाजूला सारून ‘पोंबिळै ओरुमै’ नावाने रस्ता अडवला आणि कापलेला बोनस परत २० टक्क्यांवर आणून घेतला. हे ठाऊक असलं की त्यांच्याकडे टोपलीसह हसऱ्या चेहऱ्याचा फोटो मागायची आपली छाती जरा कमी होते. फोटो हवा असेल तर विचारा. नाही म्हणाल्या तर मोबाइल खिशात. आणि पानं तोडून चावून बघू नका, फवारणी केव्हा झाली ते तुम्हाला माहीत नसतं.

तिथून संग्रहालयात जा, शक्यतो उघडल्या उघडल्या. जुन्या वस्तूंत १९१३ चं एक सूर्यघड्याळ आहे आणि कुंडळा खोऱ्यातल्या छोट्या रेल्वेचं एक चाक. ही रेल्वे १९०२ मध्ये एका रुळावर सुरू झाली, १९०८ मध्ये दोन रुळांवर आली आणि १९२४ च्या महापुरात वाहून गेली. पुन्हा कुणी बांधली नाही. पण वेळ द्यायचा तो यंत्रांच्या दालनाला. पान आधी पसरून मलूल करतात. मग दातेरी रुळांच्या मधून ते चिरडलं, फाडलं आणि वळवलं जातं, हाच सीटीसी चहा. यंत्रातून बाहेर येतो तो हिरवागार चुरा असतो. हवा लागली की तुमच्या डोळ्यांदेखत तो कडेने तपकिरी व्हायला लागतो आणि वास बदलतो. ओल्या गवताचा वास जातो, पिकल्या फळासारखा येतो. मग गरम हवेत वाळवण आणि चाळण्यांवर प्रतवारी. साडेचार किलोच्या आसपास ओला पाला लागतो तेव्हा किलोभर चहा होतो.

बाकीचे दिवस

एरविकुलमसाठी वनखात्याच्या संकेतस्थळावर आधी नोंदणी करा आणि पहिल्या फेऱ्यांतली वेळ घ्या. खासगी गाडी खाली ठेवून वनखात्याच्या बसने राजमलाला जायचं असतं. नीलगिरी ताहर, तिथे त्याला ‘वरयाडु’ म्हणतात, रस्त्याच्या कडेला निवांत चरत असतो. खायला घालू नका. समोर दिसतं ते आनमुडी, २,६९५ मीटर, दक्षिण भारतातलं सर्वात उंच शिखर. तिथे चढायला परवानगी मिळत नाही, बघून समाधान माना.

माट्टुपेट्टी, एको पॉइंट, कुंडळा, टॉप स्टेशन हा एकच रस्ता आहे, टॉप स्टेशन ३२ किलोमीटरवर. सगळी गर्दी या रस्त्यावर दहानंतर उतरते. म्हणून उलटं करा. सकाळी सातला निघून थेट टॉप स्टेशन गाठा, ढग वर यायच्या आत तमिळनाडूची बाजू बघा आणि येताना बाकीचं घ्या, किंवा सोडा. एको पॉइंट सोडलात तर काही बिघडत नाही.

मला विचाराल तर सर्वात चांगला दिवस मरयूरच्या बाजूचा. साधारण ४० किलोमीटर, रस्ता एरविकुलमवरूनच जातो. मळे संपले की घाट उतरून तुम्ही पर्जन्यछायेत येता आणि हवाच बदलते. तिथे चंदनाचं नैसर्गिक जंगल आहे, तारेच्या कुंपणाआड, राखणीत. खडकांवर ‘मुनियारा’ म्हणतात ती शिळांची प्राचीन दफनघरं आहेत. आणि उसाचा गूळ. मरयूरच्या गुळाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गुऱ्हाळावर तो हाताने गोळे वळून देतात, गरम असतानाच घ्या.

कोळुक्कुमलैबद्दल सगळे विचारतात. मळा तमिळनाडूत, जायचा रस्ता मात्र केरळातल्या सूर्यनेल्लीतून, तोही फक्त जीपने, पहाटे काळोखात. उंची दोन हजार मीटरच्या वर, खाली ढगांचा समुद्र. जुन्या पद्धतीचा ‘ऑर्थोडॉक्स’ चहा, म्हणजे पानाचा चुरा न करता ते नुसतं वळून केलेला, करणारा कारखाना तिथे आहे. दृश्य अप्रतिम, वाट हाडं खिळखिळी करणारी. कंबरदुखी, गरोदरपण, अगदी लहान मूल यांपैकी काही असेल तर नको.

मसाल्यांच्या बागा मात्र गोवेकराने खुशाल टाळाव्यात. केरी-सावईवेऱ्याला आपल्याकडे त्याच आहेत, वर जेवणही मिळतं.

खाणं, पिणं, सामान

उकडा तांदूळ, नारळ, मासळीची आंबट आमटी, सगळं ओळखीचं वाटेल. आंबटपणा आपल्या सोलांऐवजी कुडंपुळीचा. नाश्त्याला पुट्टु आणि काळ्या चण्यांची कडला करी, किंवा आप्पम. सोमवार-गुरुवार पाळणाऱ्यांनी तमिळ पद्धतीची शाकाहारी हॉटेलं धरावीत, गावात ती आहेत. इतर ठिकाणी गोमांस सर्रास असतं, विचारून मागवा.

गोव्याची बाटली सामानात घालून नेऊ नका. केरळात दारू सरकारी दुकानातून, रांगेत उभं राहून आणि महाग. महिन्याच्या पहिल्या तारखेला ती दुकानं बंद. तीन-चार दिवस चहावर निभावतं.

स्वेटर, कानटोपी, मोजे, छत्रीऐवजी रेनकोट. पावसाळ्यात जळवांसाठी मीठ. पाण्याची स्टीलची बाटली घ्या. एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये डोंगराळ पर्यटनस्थळांत बंदीचा आदेश दिलाय. मळ्यांच्या भागात नेटवर्क जातं, थोडी रोख रक्कम जवळ असू द्या. तमिळ, मल्याळम आणि मोडकंतोडकं इंग्रजी चालतं, हिंदी हॉटेलपुरती.

चहा विकत घेताना

काजू, मिरी आणि नारळाचे पदार्थ तिथून आणणाऱ्यांना माझा नमस्कार. चहा आणा, आणि वेलची. इडुक्की वेलचीचाच जिल्हा आहे, टपोरी हिरवी मिळते. ‘होममेड’ चॉकलेट आलुवाला उतरेपर्यंतच वितळायला लागतं.

चहा कंपनीच्या किंवा कारखान्याच्या दुकानातून, तारीख बघून घ्या. ‘डस्ट’ लिहिलेलं पाहून नाक मुरडू नका. तो कचरा नसतो, चाळणीतून पडणारा सर्वात बारीक दाणा असतो. रंग आणि कडकपणा त्यातच जास्त, आपल्या घरचा दूध घालून उकळलेला चहा होतो तो यावरच. ऑर्थोडॉक्स पानाचा चहा घेतलात तर तो उकळायचा नाही. पाणी उकळून गॅस बंद करा, कपाला चमचाभर पान टाका, तीन-चार मिनिटं झाकून ठेवा, गाळा. दूध घालायचा मोह झालाच तर पुढच्या वेळी सीटीसी आणा, स्वस्त पडेल.

सामानात चहा आणि वेलची एकत्र बांधू नका, चहा कुठलाही वास पटकन ओढून घेतो. गोव्याच्या दमट हवेत उघडं पाकीट पंधरा दिवसांत मऊ पडतं. घरी आल्यावर छोट्या घट्ट झाकणाच्या डब्यांत वाटून भरा, एकच डबा वापरात ठेवा, बाकीचे चुलीपासून लांब.